लंगडा जासूद

दादा भरती होऊन गेला तेव्हा आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले होते. वर्षाच्या आत तो परत आला. ट्रेनिंगमध्ये उजवा गुडघा कामातून गेला, मिलिटरी हॉस्पिटलात दोनदा चिरफाड झाली आणि मग डॉक्टरांच्या बोर्डानं त्याला अनफिट ठरवून घरी पाठवलं. आमच्या साताऱ्यात, त्यातून आम्ही राहायचो त्या भागात, घराघरात एक तरी पेन्शनर जवान. त्यामुळे 'बोर्ड आऊट' म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. लोक विचारायचे नाहीत. दादाला बघितलं की फक्त रस्त्याच्या कडेला सरकायचे, त्याला चालायला जास्त जागा लागते अशा थाटात.

आप्पा स्वतः हवालदार म्हणून रिटायर झालेले आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला. ते दादाला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते, भांडले असते, तर बरं झालं असतं. ते त्याच्याकडे बघायचेच नाहीत. जेवताना त्यांना पाणी हवं असलं आणि तांब्या दादाच्या पुढ्यात असला, तर ते मला हाक मारायचे.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दादा दिवसभर पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि आई स्वयंपाकघरातून मला खुणेनं सांगायची, 'जा, बोल जरा त्याच्याशी.' मी जायचे, पण काय बोलायचं ते सुचायचं नाही.

त्याच सुमारास आष्ट्याच्या आत्याचा मुलगा आमच्याकडे राहायला आला. तो सांगलीला इंजिनिअरिंगला होता. साताऱ्यात एका कारखान्यात त्याला काही महिने शिकाऊ म्हणून काम करायचं होतं. त्याच्या बॅगेत झेरॉक्सचा एक जाडजूड गठ्ठा होता. हॉस्टेलवरच्या कुणाच्या तरी काकांनी परदेशातून एक पुस्तक पाठवलं होतं आणि त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून मुलं एक खेळ खेळायची. या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि तो माणूस काय करतो ते बोलायचं. मारामारी आली की फासे टाकायचे.

"फासे कसले?" मी विचारलं.

"वीस बाजूंचे असतात. आपल्याकडं कुठले मिळायला?" तो म्हणाला आणि त्यानं घरात शोधाशोध सुरू केली. आप्पांच्या लोखंडी पेटीत तंबोल्याचा जुना संच निघाला. फौजेत सणासुदीला सगळी कुटुंबं जमली की आप्पा आकडे पुकारायचे, तेव्हाचा. त्यातल्या एक ते वीस आकड्यांच्या लाकडी गोट्या त्यानं वेगळ्या काढल्या आणि खाकी पिशवीत भरल्या. हल्ला करायचा म्हणजे पिशवीत हात घालून गोटी काढायची. मोठा आकडा आला की वार लागला, छोटा आला की हुकला. इतकं सोपं.

आम्ही रविवारी दुपारी बसायला लागलो. आतेभाऊ गोष्ट सांगणारा. मी एक खेळाडू. दुसरा आमच्या माडीवर भाड्यानं राहणारा विट्याचा मुलगा. त्याचे वडील आणि चुलते दूर दक्षिणेतल्या एका शहरात सोनं गाळायचं दुकान चालवायचे. हा इथं कॉलेज करत होता, म्हणजे नाव घातलं होतं. दादा पहिल्या रविवारी आला नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण आम्ही त्याच्याच खोलीत बसलो होतो. ते आतेभावानं मुद्दाम केलं असणार.

खेळ सुरू करताना प्रत्येकाला ठरावीक गुण मिळायचे आणि ते आपल्या माणसावर वाटून टाकायचे असायचे. ताकद, चपळाई, डोकं, बोलणं, असं. इकडे घातले की तिकडे कमी पडणार. मी पहिल्या वेळी एक सरदारकन्या केली. ती चार भाषा बोलायची, वीणा वाजवायची, तिच्या शेल्याचा रंगसुद्धा मी ठरवला होता. पहिल्याच जंगलात लांडग्यांनी तिला खाल्लं. विट्याच्या मुलानं मात्र सगळे गुण ताकदीत घातले, चिलखत घेतलं, मोठ्यात मोठी तलवार घेतली आणि एकट्यानं सगळे लांडगे मारले.

"नाव काय तुझ्या माणसाचं?" आतेभावानं विचारलं.

"नाव कशाला? मारतोय न्हवं?"

"आरं, गोष्ट हाय ही. कुठला हाय, कशासाठी लढतोय, काय तरी सांग."

"जिवंत राहिला की सांगतो."

भिंतीकडून दादाचा आवाज आला, "आणि तो झोपताना चिलखत काढतो का?"

आम्ही तिघंही वळून त्याच्याकडे बघायला लागलो. कितीतरी दिवसांत त्यानं आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट होती.

पुढच्या रविवारी मी धनगराची पोर झाले. गोफण, एक कुत्रा, पळायला चपळ. शेल्याचा रंग वगैरे काही नाही. आणि दादा उठून बसला. त्यानं आतेभावाकडून झेरॉक्सची पानं घेऊन आठवडाभर वाचली होती. त्यानं आपला माणूस सांगितला, "जासूद. या किल्ल्यावरचा निरोप त्या किल्ल्यावर पोचवणारा. उजव्या पायानं लंगडा."

आतेभावानं मान वर केली. "लंगडा जासूद?"

"व्हय."

"हत्यार?"

"काठी. तिला घुंगरं बांधल्यात."

जुन्या काळी निरोपे अशी घुंगरांची काठी घेऊन पळायचे. जनावरं बाजूला व्हावीत आणि गावाला कळावं म्हणून. दादानं सगळे गुण बोलण्यात आणि स्मरणात घातले. एकदा ऐकलेला निरोप तो शब्दाचाही फरक न करता सांगणार. ताकद जवळजवळ नाही, चपळाई तर नाहीच.

विट्याचा मुलगा वैतागला. "गड्या, निदान घुंगरं तरी काढ. दुश्मनाला कोसभरावरनं ऐकू येतील."

"येऊ देत."

"मग पाय तरी बरा कर की. खेळच हाय हा, कुणी बी धडधाकट हुऊ शकतंय."

"लंगडाच ठेवायचाय," दादा म्हणाला. आवाज वाढला नव्हता, पण विट्याच्या मुलानं तो विषय सोडला.

त्या संध्याकाळी मी दळण आणायला निघाले तेव्हा आतेभाऊ माझ्याबरोबर आला. तो काळजीत होता. "असला माणूस पहिल्या लढाईत जाणार," तो म्हणाला. "आणि गेला तर दादा परत भिंतीकडं तोंड करील. काय तरी केलं पायजे. त्याची मिजास राहिली पायजे आणि त्या मिजाशीचा उपयोग बी झाला पायजे." चक्कीवर रांग होती. पीठ पडत असताना त्यानं विचार केला आणि येताना मला म्हणाला, "घुंगरं वाजली की दरवाजे उघडतील. जासूदाला अडवायचं नाही असा त्या मुलखातला कायदा. कसं वाटतंय?" मला ते फार आवडलं.

आणि खरोखर काही रविवार फार चांगले गेले. आम्ही ज्या गडाच्या तटाला शिडी लावणार होतो, त्याच्या दरवाज्यातून दादाचा जासूद घुंगरं वाजवत सरळ आत गेला आणि किल्लेदाराशी असा काही बोलला की त्यानं आम्हाला जेवायला घातलं. दादा बोलायला लागला की त्याचे हात हलायचे, डोळे हलायचे. तो आधी असाच होता. आई दारात निवडायचं ताट घेऊन येऊन बसायची. तिला खेळ कळत नव्हता, ती दादाकडे बघायची.

एकदा आप्पा पहिली पाळी करून आले, तेव्हा आमचा खेळ रंगात होता. त्यांनी दारात बूट सोडता सोडता ऐकलं आणि आतेभावाला विचारलं, "कोण लंगडा?"

"जासूद हाय, मामा. निरोप पोचवतो."

"लंगडा माणूस निरोप पोचवतो?" आप्पा म्हणाले. "आमच्यात असल्याला कुकहाउसात बसवत्यात, बटाटं सोलाय." ते आत गेले. त्यांना कदाचित टोचून बोलायचंही नसेल. दादानं मान खाली घातली, पण तो उठला नाही. "चल," तो आतेभावाला म्हणाला, "पुढं सांग."

अडचण लढायांची होती. दरवाजे घुंगरांनी उघडायचे, पण सगळ्याच वाटांना दरवाजे नसतात. खिंडीत, रानात, नदीच्या उतारावर दुश्मन यायचे आणि घुंगरांमुळे ते आधीच सावध असायचे. दादा काठी घेऊन मध्ये उभा. माझी गोफण लांबून चालायची. सगळा मार विट्याच्या मुलाच्या बिननावाच्या माणसाला बसायचा. त्याचं चिलखत फाटलं, तलवारीचा हात गेला. आणि लंगड्या जासूदाला खरचटायचंही नाही.

दुश्मनाच्या गोट्या आतेभाऊ काढायचा. पिशवीत हात, गोटी मुठीत, मुठीत बघायचं, आकडा सांगायचा, गोटी परत पिशवीत. "तीन. हुकला." "पाच. काठीवर गेला." आम्हाला कधी शंका आली नाही. मला तरी आली नाही.

पावसाळा संपत आला होता तेव्हाचा रविवार. आम्ही एका खिंडीत अडकलो होतो. मागून स्वार, पुढे अरुंद वाट. तिरंदाजांनी जासूदावर नेम धरला. आतेभावानं गोटी काढली, मुठीत बघितली. "चार. बाण—"

विट्याच्या मुलानं त्याचं मनगट धरलं. "मूठ उघड."

"सोड रं."

"मूठ उघड म्हणतोय. दर वेळी मी रक्तबंबाळ आणि ह्याला चार न् पाच. उघड."

झटापटीत गोटी सतरंजीवर पडली. अठरा होती.

दादानं ती उचलली. उलटसुलट करून बघितली. "किती वेळा केलंस?" त्यानं विचारलं.

आतेभाऊ झेरॉक्सची पानं सारखी करायला लागला.

"पहिल्यापासनं?"

"दादा, आरं, गोष्ट चांगली चालली हुती म्हणून..."

दादानं माझ्याकडे बघितलं. "तुला ठाऊक हुतं?"

"न्हाई," मी म्हटलं. "शपथ न्हाई."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ते त्याच्या तोंडावर दिसलं आणि मला रडू आलं, कारण मी खरंच बोलत होते. चक्कीवर आम्ही दोघांनी घुंगरांचं ठरवलं होतं, तेवढं मला ठाऊक होतं. ते आणि हे एक नव्हे. पण त्या क्षणी मला स्वतःलाही तो फरक सांगता आला नसता.

"तिथं डॉक्टरनं ठरवलं," दादा म्हणाला. "इथं तू ठरवतोस. माझं मला कुणी ठरवू देणार हाय का न्हाई?"

आप्पा कधी दारात येऊन उभे राहिले होते, आम्हाला कळलं नव्हतं. अंगावर सिक्युरिटीचा गणवेश तसाच होता. दादानं अठराची गोटी पिशवीत टाकली, पिशवी हलवली आणि उठून, भिंतीला धरत, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. घरी आल्यापासून तो पहिल्यांदाच त्यांच्या इतक्या जवळ गेला होता.

"आप्पा, तुमी काढा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आकडा पुकारायचा फकस्त. दहाच्या वर आला तर मी मेलो."

"हे असलं काय बोलतुयास..."

"जासूद, आप्पा. जासूद मेला." मग तो आमच्याकडे वळला. "तुमी दोघं वाटेनं पुढं निघा. मी हितंच थांबतो, घुंगरं वाजवत. ते आवाजाच्या मागं येतील."

विट्याच्या मुलाचा चेहरा उतरला होता. "नको गड्या. काठी टाक आणि माझ्या पाठीवर बस. मी नेतो तुला. नेमात बसतंय ते, माझी ताकद हाय तेवढी."

"काठी टाकली तर मी कोण?" दादा म्हणाला. "काढा, आप्पा."

आप्पांनी पिशवीत हात घातला. गोटी काढली, डोळ्यांपासून लांब धरून बघितली आणि जुन्या सवयीनं, अगदी तंबोल्यात पुकारायचे त्याच खणखणीत आवाजात, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वन अँड सिक्स, सिक्स्टीन!"

आवाज बाहेर पडला आणि मग त्यांना कळलं की आपण काय पुकारलं. त्यांनी मूठ मिटली. "ऱ्हाऊ दे," ते घाईनं म्हणाले. "नीट हलवली नव्हती पिशवी. परत काढतो."

"न्हाई. लागलं ते," दादा म्हणाला.

"आरं, परत काढतो म्हणतोय ना मी!"

"आप्पा, लागलं. मेला तो."

आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली. "कोण मेलं? आवं, कोण मेलं?" आप्पा मूठ तशीच मिटून उभे होते. त्यांनी आतेभावाला विचारलं, "दुसरा गडी करता येतो न्हवं ह्यात?"

"येतो, मामा."

"मग कर की दुसरा."

"मला नकोय," दादा म्हणाला आणि चपला घालून बाहेर गेला.

त्यानंतर आम्ही खेळलो नाही. आतेभावानं झेरॉक्सचा गठ्ठा बॅगेत घातला आणि उरलेले आठवडे तो कारखान्यातून उशिरा यायला लागला. विट्याच्या मुलाला वाटत होतं की सगळं आपल्यामुळे झालं. मी त्याला नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. दादा भिंतीकडे तोंड करून पडला नाही, एवढंच. तो सकाळी उठून अजिंक्यताऱ्याकडे चालत जायचा. त्या पायानं. आई घाबरली. पोरगं गडावर जाऊन काही करून घेईल, हे ती तोंडानं बोलली नाही, पण तिनं मला त्याच्या मागं पाठवलं.

अर्ध्या चढावर, रस्ता वळतो तिथे, तो दगडावर बसला होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केलेली. गुडघा सुजून लाल झाला होता. मला बघून तो चिडला नाही. मी शेजारी बसले. खाली गाव दिसत होतं, एसटी स्टँडवरच्या गाड्यांचे आवाज वर येत होते.

"पडलो तवा पाय गेला असं सगळ्यांना वाटतंय," तो अचानक म्हणाला. "ट्रेनिंगच्या खड्ड्यावरनं पहिल्या उडीत नुसता मुरगळला हुता. शिकवणारा उस्ताद म्हणाला, बाजूला हो. मी म्हटलं, न्हाई उस्ताद, परत मारतो. सगळी कंपनी बघत हुती. मला नुसती पलीकडं जायची उडी मारायची नव्हती, झोकात मारायची हुती. आप्पांचा पोरगा हाय म्हणून. दुसऱ्या उडीत गेला."

मी म्हटलं, "आप्पांना सांग की हे."

"काय सांगू? मिजाशीपायी पाय घालवला म्हणून?"

"त्यांना वाटतंय तू कच्चा पडलास. तसं न्हाई ते कळंल तरी."

"कच्चा पडलेला बरा," दादा म्हणाला. "त्यात माझी काय चूक न्हाई." मग त्यानं पॅन्ट खाली केली. "तू बी सांगू नको." मी कबूल झाले. अजूनपर्यंत आप्पांना मी ते सांगितलेलं नाही आणि ते बरं केलं का वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही.

दिवाळीनंतर विट्याच्या मुलानं कॉलेज सोडलं. घरच्यांनी त्याला दुकानावर बोलावून घेतलं होतं. त्यानं दादाला बरोबर चल म्हटलं. बसून करायचं काम, भट्टीसमोर, पायाचा प्रश्न नाही. दादा लगेच हो म्हणाला. आईनं रडून बघितलं. आप्पा म्हणाले, "जाऊ दे."

स्टँडवर आप्पा येतील असं वाटलं नव्हतं. ते गणवेशातच आले, थेट कंडक्टरकडे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आवं मास्तर, आमच्या पोराला पुढची शीट द्या. त्याला पाय लांब करून बसाय लागतंय." दादाच्या पायाबद्दल त्यांनी उच्चारलेले ते पहिले शब्द. मला भरून आलं. दादाचा चेहरा मात्र शरमेनं काळवंडला. तो जाऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसला. गाडी हलली तेव्हा आप्पा पुढच्या खिडकीकडे बघून हात हलवत होते.

पुढं माझं लग्न होऊन मी सांगलीला आले. आतेभावाला तिथंच नोकरी लागली होती. तो कधी घरी आला की हा विषय निघायचा आणि आम्ही दर वेळी भांडायचो. तो म्हणायचा, "मी खरे आकडे सांगितले असते, तर तो पहिल्याच रविवारी मेला असता. निदान तेवढं तरी हसला ना?" मी म्हणायचे, "तुझ्या खोट्या आकड्यांनी हसला, हे कळल्यावर त्याचं ते हसणंसुद्धा गेलं." माझे यजमान कंटाळून उठून जायचे. त्यांना वाटायचं, एवढं काय त्या खेळात.

दादाचं तिकडे बरं चाललं होतं. तिथली भाषा शिकला, मालकांचा विश्वास बसला. पण साताऱ्याला यायचा नाही. एकदा दुकानाच्या कामानं मिरजेपर्यंत आला आणि दुपारी माझ्याकडे उतरला. जाड झाला होता. भट्टीच्या धुरानं खोकत होता. मी त्याच्या आवडीचं केलं, तो पोटभर जेवला, माझ्या लेकीला मांडीवर घेऊन त्या परक्या भाषेतलं गाणं म्हणाला.

"साताऱ्याला जाऊन ये की," मी म्हटलं. "चार तासांची वाट. आप्पा आता रिटायर होऊन घरीच असतात."

"पुढच्या खेपेला."

"मागच्या खेपेला पण हेच म्हणाला असतास."

"मागच्या खेपेला मी आलोच नव्हतो," तो हसून म्हणाला आणि मुलीला खाली ठेवून उठला. संध्याकाळच्या गाडीनं तो गेला.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी साताऱ्याला शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्यांनी आप्पांना बोलावलं. मी सांगितलं, दादा आला होता, बरा आहे, जेवून गेला. आप्पा ऐकत होते. बूथमध्ये उकडत होतं आणि बाहेर दोघं जण रांगेत थांबले होते.

"चालताना दुखतंय का गं त्याला अजून?" त्यांनी विचारलं.

मी दादाला ते विचारलंच नव्हतं.

"न्हाई, आप्पा," मी म्हटलं. "आता बरंच कमी हाय."